तुमची बाजू काय?

हॅलो! दचकू नका, पलीकडे कोणी माणूस नाही. मी एका दैनिकाच्या कचेरीतला काळा टेबलफोन बोलतोय. आयुष्यभर इतरांचं बोलणं वाहिलं, आज थोडं स्वतःचं बोलतो.

कारखान्यातून आलो तेव्हा मी भोळा होतो. मला थेट उपसंपादकांच्या टेबलावर बसवलं. हळूहळू कळलं, की माणसं माझ्या तोंडावर हात ठेवतात तेव्हाच खरं बोलतात. समोर बसलेला माणूस "ते बाहेर गेलेत, सांग" म्हणून खुणावतो आणि लगेच तसं सांगितलं जातं. तेव्हापासून माझा स्वभावच संशयी झाला. कोणी फार गोड बोलू लागलं, की माझ्या मनात पाल चुकचुकते.

एकदा शहर बस दुभाजकावर चढली. दोन प्रवाशांना लागलं. बातमीदार धावत आला. "सर, ड्रायव्हर प्यायला होता म्हणतात!"

"म्हणतात ना? मग घे," उपसंपादक म्हणाले.

"त्याची बाजू विचारू का?"

"ड्रायव्हरची कसली बाजू? पान छपाईला सोडायचंय."

मी शेजारीच होतो, हात लांब करायचा अवकाश. सकाळी त्या ड्रायव्हरचं नाव, आडनाव, फोटो, सगळं चव्हाट्यावर. वर ठळक अक्षरांत 'दारूच्या नशेत'.

पेपर घरोघरी पोचतो न पोचतो तोच मी खणखणलो. ड्रायव्हरची मुलगी होती. "साहेब, बाबांना शुगर आहे. चक्कर आली त्यांना. थेंबालाही शिवत नाहीत ते. कोणी विचारलं का त्यांना?"

"लेखी द्या," बातमीदार म्हणाला आणि मला ठेवून दिलं. मला फार वाईट वाटलं. पण मी पडलो फोन, मध्ये तोंड कसं घालणार?

त्याच आठवड्यात एक मोटार फुटपाथवर चढली आणि एका आजोबांचा पाय मोडला. चालवणारा होता एका बड्या संस्थेच्या अध्यक्षांचा मुलगा. संस्थेच्या जाहिराती आमच्या पहिल्या पानावर असायच्या.

"त्यांची बाजू घेतलीस?" उपसंपादक बातमीदारावर कडाडले. "एकतर्फी छापायचं नाही. तत्त्व आहे आपलं!"

तत्त्व! इतके दिवस ते कुठल्या ड्रॉवरमध्ये ठेवलं होतं कोण जाणे. मला दिवसभर राबवलं. पलीकडून उत्तर एकच, साहेब विश्रांती घेतायत. अखेर छापून आलं, 'मोटारीला अपघात, वृद्ध जखमी'. मोटार जणू एकटीच फिरायला निघाली होती.

पुढे दोघांच्याही रक्ताचे अहवाल आले. दोघांच्याही रक्तात दारू नाही. अध्यक्षांच्या मुलाचा अहवाल यायला इतका उशीर का झाला, ते मी विचारत नाही. पण पाणी कुठेतरी मुरतंय, असं मला आजही वाटतं. त्या मुलाची बातमी पहिल्या पानावर आली, बापलेकांच्या नावांसह आणि हसऱ्या फोटोसह. ड्रायव्हरची आली आत, टायरच्या जाहिरातीखाली. 'एका बसचालकाच्या रक्तात मद्य आढळले नाही.' एका!

त्या सकाळी मुलीचा पुन्हा फोन आला. या वेळी उपसंपादकांनीच घेतला.

"साहेब, बाबांना कामावर परत घेतलंय. पण बसमध्ये चढणारी माणसं त्यांच्या तोंडाचा वास घ्यायला वाकतात. बातमीत नाव असतं, तर डेपोच्या फळ्यावर लावली असती. तुम्ही नाव का नाही छापलं?"

उपसंपादकांचा आवाज लोण्यासारखा मऊ झाला. "अहो ताई, नाव छापून त्यांची उगाच बदनामी कशाला?"

तिने फोन ठेवला नाही. तिचा श्वास मला ऐकू येत होता. ठेवला तो उपसंपादकांनीच.

आता सगळ्यांच्या खिशात मोबाइल आहेत. महत्त्वाचं बोलायचं असलं की माणसं जिन्यात जातात, म्हणजे तिथेही काहीतरी शिजतंयच. माझी वायर काढून मला अडगळीत टाकलंय. तक्रार नाही. तुम्ही पेपर उघडाल तेव्हा मात्र एवढं बघा, नाव कधी छापलंय आणि कधी गाळलंय.

मला एकच रुखरुख आहे. तिने मला दोनदा फोन केला. तिच्या बापाला 'तुमची बाजू काय?' असं विचारायला मात्र त्या घरचा नंबर माझ्यावरून कोणी कधीच लावला नाही.