रातकिड्यांची पपई

"बापाक, ती पपई ठेवा. रातकिड्यांची आहे."

प्रवोतोंच्या हातातली सुरी पपईच्या सालीवरच थांबली. सून, रेत्नो, हे ओरडून बोलली नव्हती. कामावर निघायच्या घाईत ती डोक्याचा रुमाल बसवत होती आणि टाचण्या ओठांत धरूनच बोलली होती.

"इबूला हवी होती," आतल्या खोलीतल्या बायकोकडे बघत प्रवोतो म्हणाले. "दोनच फोडी."

"इबूंना पचत नाही. डॉक्टर हलकं द्या म्हणालेत ना?"

"पपई हलकीच असते."

"मग बिमोला विचारा. मला उशीर होतोय."

विचारायची गरज पडली नाही. त्यांचा मुलगा बिमो मागच्या पडवीतून आत आला. त्याच्या मनगटावर रातू होती, रंग बदलणाऱ्या घोयरा सरड्याची मादी, पोटात अंडी असल्यामुळे दोन्ही बाजूंनी फुगलेली.

"बापाक, पुढच्या महिन्यात सुराबायाचं गिऱ्हाईक हिला न्यायला येतंय. रातकिड्याच्या पोटात जे जातं तेच हिच्या अंगाला लागतं. रोज पाला, भोपळा, पपई, अंड्याच्या टरफलांचा चुरा. तुम्हीच तर घालता, तुम्हाला काय नव्याने सांगायचं?"

झाड प्रवोतोंनी लावलेलं होतं. पपई त्यांनी फ्रिजच्या वरच्या खणात, शेवग्याच्या पाल्याशेजारी ठेवून दिली. राग आला की त्यांचे कान गरम होत, एवढंच. मलांग शहरात शाळेच्या पुस्तकांच्या एका छापखान्यात त्यांनी सारी उमर मुद्रितं तपासली होती. चूक दिसली की समासात बारीक पेन्सिलीने खूण करायची आणि कागद पुढे सरकवायचा. तोंडाने सांगायची वेळ कधी आलीच नाही, आणि आली तेव्हा त्यांना वाटलं, कदाचित आपलंच चुकत असेल.

खुब्याचं हाड मोडल्यापासून त्यांची बायको सुलास्मी, घरातल्या सगळ्यांची इबू, म्हणजे आई, आतल्या खोलीत पडून होती. प्रवोतोंनी तिच्यासमोर वाटी धरली. तांदळाची पांढरी पेज, वर मिठाचे दोन कण.

"पाकने," ती म्हणाली. पोर झाल्यापासून ती त्यांना 'पोराचे बाप' अशीच हाक मारत होती, आणि ते तिला 'बुने', पोराची आई. "आज पेजेत तोंड दिसतंय बघा माझं. आरसा आणायचा खर्च वाचला."

"बुने, तुला मी पपई आणतो. ते दोघं गेले की."

"चोरून?"

"आपल्याच झाडाची आहे."

"घर त्याचं आहे. पोराच्या घरात या वयात मी चोरून खाऊ? त्याने वाढलं तर खाईन." तिने वाटी तोंडाला लावली. तिच्या मनगटाचं हाड कातडीखाली बटणासारखं वर आलं होतं.

बिमो लहान असताना घरात अंडं एकच शिजायचं. पिवळं पोराला, पांढरं नवऱ्याला. तू काय खाल्लंस विचारलं तर सुलास्मी म्हणायची, कढईला चिकटलेलं खाल्लं की. प्रवोतोंनी ते खरं धरलं होतं. आता पडवीत बसून टरफलं कुटताना त्यांना ती कढई आठवली, आणि बत्ता इतक्या जोरात बसला की चुरा बाहेर उडाला.

ते उठले. चुलीवरच्या पातेल्यात उरलेली पेज त्यांनी आणली आणि रातकिड्यांच्या खोक्यांतल्या सगळ्या ताटल्यांत थोडी थोडी ओतली. चिरलेलं गाजर, पाला आणि ती पपई कुंपणावरून शेजारच्या शेळीपुढे टाकली. शेळीने साल, बी, काहीही मागे ठेवलं नाही.

दुसऱ्या दिवशीही त्यांनी तेच केलं. तिसऱ्या दिवशीही.

आपण करतोय ते बरोबर आहे का, हा प्रश्न त्यांना रोज पडे. पण तो त्यांना प्रत्येकच बाबतीत पडत आला होता, तेव्हा या खेपेला त्याचं ऐकायचं नाही असं त्यांनी ठरवलं.

रातकिडे आधी मंदावले. मग एकमेकांचे पाय खाऊ लागले. अंड्यांच्या पुठ्ठ्यांच्या कपाऱ्यांतून लंगडे किडे बाहेर येत आणि पेजेच्या कडेला बसून राहत. बिमो तेच चिमट्याने उचलून रातूला भरवत होता. त्याचं लक्ष फोनमधल्या गिऱ्हाइकांकडे होतं.

मग एक दिवस प्रवोतोंनी पाहिलं, रातूची जीभ सुटली आणि अर्ध्यावरच पडली. किडा फांदीवर तसाच राहिला. तिने पुन्हा नेम धरला, पुन्हा जीभ लोंबली. तिचा हिरवा रंग मळकट झाला होता, पुढचे पाय फांदीवर थरथरत होते. एक डोळा तिने प्रवोतोंकडे वळवला, दुसरा भिंतीकडेच ठेवला. तिने आपलं काय वाकडं केलं होतं? ते पाला आणायला उठले. तेवढ्यात आतल्या खोलीतून चमचा रिकाम्या वाटीला घासल्याचा आवाज आला. सुलास्मी तळाला काही राहिलंय का पाहत होती.

ते परत खाली बसले.

बिमोच्या ध्यानात आलं ते रविवारी. त्याने रातूला तळहातावर घेतलं, तिचा पाय दोन बोटांत हळूच चाचपला आणि ओरडला, "रेत्नो! ड्रॉपर आण! हिचा पाय वाकलाय. हाडांत चुनाच नाही हिच्या!" मग तो वडिलांकडे वळला. "काय घालताय तुम्ही रातकिड्यांना?"

"पेज."

"काय?"

"पेज. तुझी आई खाते ती. एकाच पातेल्यातली."

बिमोने रातूला छातीशी धरलं. "वेड लागलंय का तुम्हाला? मुक्या जिवावर राग काढलात?"

"हो, काढला." प्रवोतोंचा आवाज इतका चढला की तो आपलाच आहे हे त्यांनाही पटेना. "या सरड्याच्या पायाचं हाड बोटांनी चाचपून बघतोस. आईचा हात कधी हातात घेतलास? सांग. कधी घेतलास?"

"बापाक, हळू. शेजारी ऐकतील."

"ऐकू दे! किड्यांना पपई आणि तुला जन्म दिला तिला भाताचं पाणी! ऐकू दे शेजाऱ्यांना!"

रेत्नो ड्रॉपर हातात धरून दारातच उभी होती. "म्हणजे वाईट मी," ती म्हणाली. "दिवसभर दुकानात उभी राहते, घरी येऊन इबूंची चादर बदलते, आणि वाईट मी. तोंडाने सांगायचं होतं ना तेव्हा! या घरात कुणी बोलतच नाही. नुसते फुगून बसतात आणि दुसऱ्याने ओळखायचं!"

"सांगितलं होतं. पपई हलकी असते म्हणालो होतो."

"ते सांगणं झालं?"

बिमो रातूच्या तोंडात थेंब थेंब औषध सोडत होता आणि ते तिच्या ओठांच्या कडेने बाहेर येत होतं. आतून सुलास्मीने विचारलं, "काय झालं रे?" तिला कुणीच काही सांगितलं नाही.

रातू वाचली नाही. बिमोने तिला कुंपणापाशी पुरलं. वडिलांना त्याने जवळ येऊ दिलं नाही, आणि प्रवोतोंनाही जायचं धाडस झालं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बिमो स्वतः ताट घेऊन आईच्या खोलीत आला. केळीच्या पानात वाफवलेला मासा, पालक, मऊ भात, बाजूला अख्खं अंडं. त्याने ताट तिच्यासमोर ठेवलं. खाली बघतच म्हणाला, "इबू, जेव."

सुलास्मीने ताटाकडे पाहिलं. मग मुलाकडे. मग पुन्हा ताटाकडे.

"इतकं?" ती म्हणाली. "आज कुणी गिऱ्हाईक येणार आहे का मला न्यायला?"

ती थट्टा करत होती की खरंच विचारत होती, हे प्रवोतोंना इतक्या वर्षांच्या संसारानंतरही कळलं नाही. बिमोने तिचा हात उचलला, कोपरापासून मनगटापर्यंत एकदा पाहिला, चादरीवर परत ठेवला आणि बाहेर गेला.

प्रवोतोंनी ताट आपल्या मांडीवर घेतलं. चष्मा पुसला, आणि माशाचे काटे एकेक करून काढायला लागले. सगळे निघाल्यावर त्यांनी भाताचा लहानसा घास केला आणि तिच्यापुढे धरला.

बिमो गेला त्या दाराकडे ती बघत होती. तिने अजून तोंड उघडलं नव्हतं.