पान अकरा

मित्रांनो, कोपरे दुमडलेली आणि पिना गंजलेली मी एका विद्यापीठाची जुनी माहितीपुस्तिका आहे. माझ्या अकराव्या पानावर श्रवणचिकित्सेच्या चार वर्षांच्या पदवीची माहिती आहे.

छापखान्यात माझी कच्ची प्रत निघाली, तेव्हा त्या पानाच्या तळाशी एक ओळ होती. ‘या पदवीला व्यवसाय परिषदेची मान्यता अद्याप नाही, त्यामुळे या पदवीवर रुग्ण तपासण्याचा परवाना मिळत नाही.’

मांडणी करणारा म्हणाला, “साहेब, फोटो मोठा केलात, आता ही ओळ बसत नाही.”

प्रसिद्धी अधिकारी म्हणाले, “मग काढा. मान्यता काय, आज ना उद्या येईलच.”

मी एका शिंपीणबाईंच्या घरी पोचले. त्यांच्या मुलीने माझी पारायणे केली. मशीन चालवता चालवता आई गिऱ्हाइकांना सांगे, “आमची पोरगी कान तपासणार. आधी माझेच तपास म्हणावं, या मशीनने पार बहिरी केलंय!”

“तुला ऐकू येतं गं आई, तू ऐकत नाहीस,” मुलगी म्हणे.

चार वर्षांनी ती पहिली आली. घर आनंदात होते.

ती परवाना काढायला गेली, तेव्हा परिषदेच्या खिडकीवरच्या बाई हळूच म्हणाल्या, “तुमचा अभ्यासक्रम आमच्या यादीत नाही हो.” ती मला घेऊन विद्यापीठात गेली. लिपिकाने मला दोनदा चाळले. “परवाना मिळेल असं कुठे लिहिलंय? दाखवा ना!” तिने पान अकरा उघडले, वरपासून तळापर्यंत बोट फिरवले; परवान्याचा शब्दही नव्हता. मला सगळे ठाऊक होते. पण कागदाला कुठे तोंड असते?

आता ती श्रवणयंत्रांच्या दुकानात बॅटऱ्या विकते. आई गिऱ्हाइकांशी फक्त मापाचे बोलते.

परवा शेजारची मुलगी नवी पुस्तिका नाचवत आली. मुखपृष्ठावर शिंपीणबाईंच्या मुलीचाच पदवीदानातला हसरा चेहरा!

“ताई, तुला बघूनच नाव घातलं मी!”

“अगं, परिषदेत विचारलंस का आधी?”

“आता काय विचारायचं? प्रवेश झालासुद्धा!”

ताईने पेन घेतले आणि त्या प्रतीच्या पान अकरावर, तळाशी, खरे काय ते लिहून दिले. एका प्रतीवर. छापखान्यातून पाच हजार निघाल्या आहेत.

मित्रांनो, नाव घालण्याआधी परवाना देणाऱ्यांच्या खिडकीवर स्वतः जा. उत्तर लेखी घ्या. आम्हा पुस्तिकांवर विसंबू नका. आमच्यात जेवढे ठेवले जाते, तेवढेच आम्हाला सांगता येते.