फक्त तणासाठी

मित्रांनो, मी एक जुना फवारणीचा पंप आहे. पाठीवर दप्तरासारखा अडकवतात ना, तो. पोटात सोळा लिटर पाणी मावतं, बाजूला हलवायचा दांडा आहे आणि एक लांबलचक नळी. स्वतःची गोष्ट सांगायला बसलं की जो तो आपली मर्दुमकी सांगतो. मला मात्र मान खाली घालूनच सांगावी लागणार आहे.

कारखान्यातून निघालो तो थेट शहराच्या मोठ्या सार्वजनिक बागेत. तिथल्या माळ्यांचे प्रमुख, म्हणजे मुकादम, यांनी पहिल्याच दिवशी माझ्यात तणनाशक भरलं. फरशीच्या फटींतून गवताने डोकं वर काढलं रे काढलं, की आम्ही तुटून पडायचो. नऊ वर्षं हेच काम. साहेब पाहणीला आले की म्हणायचे, "वा मुकादम! वाटा कशा लख्ख ठेवल्यात!" मुकादम माझ्या टाकीवर थाप मारायचे आणि मी फुगून जायचो. हिरवं काही मेलं की आपली वाहवा होते, एवढीच माझी अक्कल.

मग एका उन्हाळ्यात एक बाई आल्या. पलीकडच्या वस्तीतल्या लोकांनी मिळून केलेली एक बाग आहे, ती त्या सांभाळतात. बागा कशा चालतात हे शिकवणारा वर्ग त्या उन्हाळ्यात घ्यायच्या. सुरुवातीचे काही दिवस आमच्याकडे, पुढे त्यांच्याकडे. "ही बागही आपलीच," त्या सांगत, "पण इथं नुसतं बघायचं. तिकडं मातीत हात घातल्याशिवाय सुटका नाही, आधीच सांगते!"

त्या वर्गात एक शिवणकाम करणारी होती. सगळे तिला शिलाईताई म्हणायचे. चौथ्या मजल्यावर दोन खोल्या. एकीत मशीन, दुसरीत म्हातारी आई. आईची नजर गेलेली, पण सगळा जन्म शेतात गेलेला. "आईला मातीचा वास मिळेना झालाय, म्हणून आले," असं ताईने बाईंना सांगितलं होतं.

मुकादमांना नवा पंप मिळाला, तेव्हा त्यांनी माझ्यात एकदा पाणी खळबळवलं आणि मला बाईंच्या हवाली केलं. "घेऊन जा. अजून दहा वर्षं काही होत नाही याला," म्हणाले. नऊ वर्षं माझ्या पोटात काय होतं, तेवढं सांगायचं मात्र राहून गेलं.

बाईंच्या बागेत प्रत्येकाला एकेक वाफा मिळाला. नियम कडक होता. उन्हाळा संपताना ज्याचा वाफा हिरवा, त्याला तो कायमचा. नाहीतर यादीत वाट बघत असलेल्या पुढच्या माणसाला. ताईने टोमॅटो लावले. रोज जाताना ती एक पान खुडून न्यायची. आई ते बोटांत चुरडून हुंगत बसते, असं हसत सांगायची.

एके दिवशी ताईच्या रोपांवर मावा दिसला. बारीक हिरव्या किड्यांनी शेंडे भरून गेले होते. "साबणाचं पाणी फवार, घाबरू नकोस," बाई म्हणाल्या. ताईने मला भरलं आणि पाठीवर घेतलं.

मित्रांनो, माझ्या नळीत आणि वायसरच्या खाचेत जुनं औषध चिकटून होतं. मला ते ठाऊक होतं. मला वाचा नव्हती हे खरं, पण त्याहून वाईट ते सांगतो. मी खूश होतो! झाड वाचवायला मला पहिल्यांदाच कुणी उचललं होतं, आणि त्या आनंदात मी शेवटच्या थेंबापर्यंत फवारत राहिलो.

तिसऱ्या दिवशी पानं पिळवटली. मग खोडं वाकडी झाली. कुणी म्हणालं साबण जास्त झाला, कुणी म्हणालं ऊन लागलं. ताई रोज येऊन वाफ्यापाशी उकिडवी बसायची. आईसाठी पान न्यायचंही तिने सोडलं. दोन आठवड्यांत एकही रोप उरलं नाही. उन्हाळ्याच्या शेवटच्या रविवारी ती बाईंना म्हणाली, "माझ्या हाताला गुणच नाही, बाई. द्या दुसऱ्याला." मी शेजारीच खुंटीला लटकत होतो. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

त्या दिवशी घरी आई चिडली होती म्हणे. "डोळे गेले ते गेले, आता नाकालाही उपास का? पान कुठाय?" ताईने वाफ्यात गळून पडलेलं एक वेडंवाकडं पान आणलं होतं, ते तिच्या हातात दिलं. आईने ते बोटांनी चाचपलं आणि म्हणाली, "अगं, हा रोग नव्हे. याच्यावर तण मारायचं औषध पडलंय. फवारलंस कशाने?"

दुसऱ्या दिवशी ताईने माझं झाकण उघडून वास घेतला, तर जुन्या औषधाचा दर्प अजून होता. बाईंनी मुकादमांना बोलावलं. ते आले आणि टोपी काढून उभे राहिले. "चूक माझी, ताई. एकदाच धुतला, तोही घाईत. आणि तोंडाने सांगितलं नाही."

ताईने आपले तळहात उलटसुलट करून पाहिले. "म्हणजे हात बरा आहे माझा," एवढंच म्हणाली.

पण तिचा वाफा तोवर नव्या माणसाने खणायला घेतला होता. ताईचं नाव यादीत सगळ्यात खाली गेलं.

"भंगारात द्या हा पंप," कुणीतरी म्हणालं. त्यावर ताईच म्हणाली, "त्याला कुठं तोंड आहे सांगायला?" दोन दिवसांनी तिने जाड लाल कापडाचा पट्टा शिवून आणला आणि माझ्या पोटावर घट्ट बांधला. त्यावर पांढऱ्या दोऱ्याने शिवलंय: फक्त तणासाठी.

मित्रांनो, तुमच्याकडे माझे भाऊबंद असतील, तर आत काय भरता ते त्यांच्या अंगावर लिहा. तणाचा पंप वेगळा ठेवा. दुसऱ्याला देताना तोंडाने सांगा. आम्हाला बोलता येत नाही.

रोपं गेली, त्याचं दुःख आहेच. पण दोन आठवडे ताईसारखी गुणी बाई आपल्याच हातांना दोष देत माझ्यासमोर बसत होती, आणि मी खुंटीवर गप्प लटकत होतो. त्याची लाज या पट्ट्याखाली अजून तशीच आहे.