छताकडे तोंड केलेला आरसा

मी एका छोट्या पांढऱ्या मोटारीतला जुना आरसा आहे. समोरच्या काचेच्या वर, ड्रायव्हरच्या नजरेसमोर माझी जागा होती. मागून कोण येते आहे हे दाखवणे, एवढेच माझे काम. मित्रांनो, माझी गोष्ट फारशी मिरवण्यासारखी नाही, पण ऐका.

मी जन्मलो तेव्हा गाडीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसायचे दिवस नुकतेच संपले होते. दिल्लीतली नोकरदार माणसे सरकारी क्वार्टर्स सोडून शहराच्या कडेच्या द्वारका उपनगरातल्या नव्या सोसायट्यांत राहायला निघाली होती. सरोजिनी नगरचे भालचंद्र देवस्थळी त्यांतलेच एक. तिकडे इमारती उभ्या राहिल्या होत्या, रस्त्यावरचे दिवे मात्र अजून यायचे होते.

कारखान्याने मला एक खास देणगी दिली होती. माझ्या पोटाखाली एक छोटी दांडी आहे. ती ओढली, की मागच्या गाडीचा झगझगीत उजेड मंद होतो आणि गाडी तेवढी दिसत राहते. शोरूममधला माणूस हे समजावत होता तेव्हा भालचंद्रांचे सारे लक्ष नारळ फोडण्यात होते. दांडी पाहून ते खूश झाले. "वा! गणपतीसाठी आकडासुद्धा दिलाय!"

लाल दोऱ्याने गणपती घट्ट बांधला गेला. प्रत्यक्ष देव गळ्यात पडल्यावर मी काय तक्रार करणार? भालचंद्रांना तर दुसऱ्यांना शिकवायची भारी हौस. सोसायटीत नवी गाडी आली, की ते खाली उतरून हा आकडा दाखवत. वरच्या मजल्यावरच्या हरीश परांजप्यांच्या गाडीतही मग साईबाबा लटकले.

पंचाईत व्हायची ती अंधार पडल्यावर. पालमच्या रस्त्यावर ट्रकवाले मोठा दिवा लावूनच मागे लागत. तो उजेड माझ्यातून थेट भालचंद्रांच्या डोळ्यांत घुसे. एकदा वैतागून त्यांनी मला वर ढकलले आणि माझे तोंड छताकडे केले. तेव्हापासून संध्याकाळ झाली, की मी छत बघत बसे. ज्याने मागचा रस्ता दाखवायचा, त्याला रस्ताच दिसू नये! मला फार लाज वाटे.

एकदा भालचंद्रांच्या पत्नी विजयाबाईंनी गणपती धुवायला सोडला आणि त्यांच्या हाताने दांडी ओढली गेली. त्या चकित झाल्या.

"अहो, हा आकडा नाहीये! हे ओढलं की उजेड मंद होतोय. बघा ना!"

भालचंद्रांनी दोनदा ओढून पाहिले. त्यांचे कान लाल झाले.

"अगं, हळू बोल. सगळ्या सोसायटीला मीच सांगितलंय. आता हसं करून घेऊ का स्वतःचं? चलो, बांध परत."

विजयाबाईंनी गणपती पुन्हा बांधला. देवालाही त्या दिवशी अवघडल्यासारखे झाले असेल.

पुढच्याच आठवड्यात महाराष्ट्र मंडळाचा गाण्याचा कार्यक्रम होता. परतताना ट्रक मागे लागला, दिवे मारू लागला. भालचंद्रांनी त्याला वाट द्यायला गाडी डावीकडे घेतली. डाव्या बाजूला बाहेरून आरसा नव्हता आणि मी छताकडे बघत होतो. धाडकन आवाज झाला. हरीशरावांची बायको अलकनंदा स्कूटरसकट रस्त्यावर पडली होती. मंडळात पेटी वाजवणारा तिचा उजवा हात मनगटातून मोडला होता.

नंतर भालचंद्र तिला इस्पितळात भेटून गाडीत येऊन बसले तेव्हा विजयाबाईंनी विचारले, "काय म्हणाली?"

"म्हणाली, 'भावजी, मी केव्हाची हॉर्न देत होते. आरशात दिसले नाही का मी?'" भालचंद्रांनी किल्ली लावली, पण फिरवली नाही. "मी मूग गिळून बसलो गं."

रविवारी त्यांनी सगळ्यांना पार्किंगमध्ये बोलावले. मान खाली घालूनच ते म्हणाले, "तो आकडा नव्हता. मला कळलं होतं, तरी लाजेपायी सांगितलं नाही." कोणी हसले नाही. हरीशराव आपल्या गाडीकडे गेले आणि साईबाबांचा दोरा सोडू लागले. सगळे हसले असते तर भालचंद्रांना सोपे गेले असते.

आता ती गाडी भंगारात गेली. भालचंद्रांनी मला मात्र ठेवून घेतले. बाल्कनीत खिळ्याला मला टांगून ते रोज सकाळी दाढी करतात.

मित्रांनो, उजेड डोळ्यांवर आला म्हणून आरशाचे तोंड फिरवू नका. त्याच्या गळ्यात काही बांधू नका. ठाऊक नसेल तर विचारा, आणि चुकीचे सांगून बसला असाल तर कळेल त्याच दिवशी जाऊन दुरुस्त करा. चार माणसे हसतील, हसू द्या.

वरच्या मजल्यावर पेटी सुरू झाली आहे. हात बरा झाला, पण एका जलद जागेवर अलकनंदाची बोटे अजून अडखळतात. ती जागा जवळ आली, की भालचंद्रांचा वस्तरा गालावरच थांबतो आणि ते माझ्याकडे बघायचे टाळतात.