मालनबाईंच्या तुरीतला मंगळाचा दगड

मी मंगळावरचा दगड बोलतोय. मराठीत बोलतोय, कारण पडलो तो बदनापूरजवळ, मालनबाई आणि तातेरावांच्या तुरीत.

कधीकाळी तिकडे एक मोठी उल्का आदळली, डोंगराचा तुकडा उडाला, तो मी. लाखो वर्षं अंधारात भटकलो आणि भर दुपारी धप्पकन काळ्या मातीत रुतलो. तातेरावांनी मला घरी आणलं. त्यांची मुलगी प्रीती जालन्याच्या कॉलेजात विज्ञान शिकवते. तिनं माझा नखाएवढा कपचा तपासायला पाठवला आणि माझं मूळ गाव कळलं.

मग अंगणात ही गर्दी! जालन्याचे व्यापारी राधेश्याम म्हणाले, “कापून अंगठ्यांचे खडे करू. गिऱ्हाईक बिलकुल तयार हाय.”

तातेरावांना पटलं. “माझ्या रानात पडला, माझा झाला.”

सरपंच कल्याण उसळले, “आभाळातून पडला, तो गावाचा! कापा, पण वाटा सगळ्यायला.”

मी हादरलो. मालक एक असो की अख्खं गाव, माझे तुकडे ठरलेलेच!

प्रीती म्हणाली, “बाबा, उद्या मानसं मशिनी घेऊन मंगळावर खणायला जातील. जगात हेच भांडण चालू हाय. आधी पोचंल त्याचं, का सगळ्यांचं? पण राखायचं किती, हे कुणी बोलूनच न्हाई राह्यलं.”

“आपली टेकडी तर गावाचीच व्हती,” मालनबाई हळूच म्हणाल्या. “मुरूम काढू काढू सपाट झाली.”

कल्याणांनी पुन्हा वाट्याचं नाव काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी राधेश्याम कापायचं यंत्र घेऊन आले. पातं घरघरू लागलं. तातेरावांनी मला उचललं, पण पुढे करेनात. छातीशी धरून उभेच राहिले.

“बंद करा शेठ. एकदा कापला, की मंग जोडता येतो का?”

पातं थांबलं. किती हलकं वाटलं म्हणून सांगू! एवढ्या जड अंगाला असं काही वाटतं, हे मला ठाऊकच नव्हतं.

पुढे प्रीतीच्या सांगण्यावरून मला सरकारी भूगर्भ खात्याच्या हवाली करताना तातेराव अडून बसले, “आख्खाच ठेवा. आन् बघायला तिकीट न्हाई पाह्यजे.” साहेबांनी कबूल केलं.

आता संग्रहालयाच्या काचेत मी निवांत आहे. लोक येतात, आधी किंमत विचारतात, मग काचेला नाक लावून बघत राहतात.

माझे भाऊबंद अजून तिकडेच आहेत. तुम्ही जाल, गरजेपुरतं न्याल, त्याला माझी ना नाही. फक्त तुमच्या मागून येणाऱ्यांनाही तिथे मंगळ दिसला पाहिजे.