बंद काटा

मोतीराम गांगुर्डेला भाषणांचा मनस्वी तिटकारा होता. एकोणीस वर्षं तो कॉलेजात खेळ शिकवत होता, त्यातली तेरा तासिका तत्त्वावर. एवढ्या वर्षांत मैदानावर रोलर फिरवायला माणूस मिळाला नाही, पण हॉलमध्ये भाषण ठोकायला दरवर्षी मिळाला. मैदानाच्या कडेला मुली ज्या पत्र्याआड कपडे बदलतात त्याला दार नाही. हॉलला मात्र मखमली पडदा.

या वर्षीच्या बॅनरवर लिहिलं होतं, ‘महाविद्यालयीन क्रीडा : नेतृत्व, मानसशास्त्र आणि मार्केटिंग’. खाली अकरा फोटो. संस्थेचे अध्यक्ष, उपाध्यक्ष, त्यांचे चिरंजीव. खेळाडू एकही नाही.

पहिल्या चार रांगांत पाहुणे आणि प्राध्यापक, त्यामागं खुर्च्या संपल्या म्हणून खेळाडू सतरंजीवर. पंख्यानं समई तीनदा विझली. शाल, श्रीफळ आणि परिचय यांत पाऊण तास गेला. मोतीराम दाराशी उभा होता आणि त्याच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. रविवार. राखी.

राखी भोये. सुरगाण्याकडची पोर, बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला. कालव्याच्या कडेनं पळायला लागली की वाटायचं हिच्या पायाला जमीन लागतच नाही. दहा किलोमीटर साडेसदतीस मिनिटांत, सकाळी, रिकाम्या पोटी. आणि हीच पोर गेल्या दोन शर्यतींत मध्येच उभी राहिली होती. पडली नाही, लंगडली नाही, नुसती उभी राहिली. विचारलं तर म्हणे पोटात दुखलं. रविवारी विद्यापीठाची क्रॉसकंट्री होती. पहिल्या सहा मुली संघात जाणार. क्रीडा वसतिगृहातली खाट संघातल्या मुलींनाच मिळते, असा नियम. म्हणजे रविवारी राखी पुन्हा उभी राहिली, तर सोमवारी पेटी उचलून सुरगाण्याच्या गाडीत बसणार. कॉलेज संपलं, पळणंही संपलं.

नेतृत्वाचे वक्ते टाय लावून आले होते. त्यांनी सगळ्यांना उभं केलं आणि तीनदा म्हणायला लावलं, “मी वाघ आहे.” मोतीरामनं ओठ हलवले, आवाज काढला नाही.

मार्केटिंगचा रोहित निकम नावाचा तरुण होता. त्यानं माइक हातात घेतला आणि म्हणाला, “तुमच्या गेटवर मी दहा मिनिटं उभा होतो. या कॉलेजात एक राष्ट्रीय पदकवाला कुस्तीगीर आहे, हे मला बाहेरच्या चहावाल्यानं सांगितलं. गेटवर फोटो प्राचार्यांचा. कुस्ती कोण खेळतं, सर?” पुढच्या रांगेत खोकल्याची साथ आली. मोतीराम प्रथमच भिंतीपासून सरकून ताठ उभा राहिला. पोरगं भाडोत्री असेल, पण भित्रं नव्हतं.

शेवटी मानसशास्त्र. डॉ. सुवर्णा पगारे, नाशिकरोडच्या कॉलनीत वाढलेल्या, बुटक्या, आवाज जरा बसलेला. घड्याळात त्यांच्या वाट्याला वीसच मिनिटं उरली होती. त्यांनी लॅपटॉप मिटला.

“माझ्या पस्तीस स्लाइड आहेत, त्या मी प्राचार्यांना मेल करते. रात्री झोप येईल.” सतरंजीवर खसखस पिकली. “तुम्ही आता एक करा. गेल्या वर्षात कुणी खेळ अर्धवट सोडला असेल, शर्यत, सामना, सराव, काहीही, तर तेव्हा तुमचे सर किंवा घरचे काय म्हणाले ते चिठ्ठीवर लिहा. नाव नको.”

एकसष्ट चिठ्ठ्या आल्या. बाई एकेक उघडून वाचत गेल्या. मनानं कच्ची. मनानं कच्चा. दम नाही. मन घट्ट कर. मनानं कच्ची. चाळिसाव्या चिठ्ठीला हॉलमध्ये कुणी हसत नव्हतं.

“ताप आला म्हणून डॉक्टरकडे गेलात आणि डॉक्टर म्हणाला, तुम्ही आजारी आहात, निघा. फी द्याल का? ‘मनानं कच्ची’ म्हणजे तेच. हे निदान नाही. हे हात झटकणं आहे.”

मोतीरामच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्या चिठ्ठ्यांत एक राखीची असणार आणि त्यातलं ‘मन घट्ट कर’ त्याचंच होतं. कार्यक्रम संपल्यावर चहाच्या टेबलाशी त्यानं बाईंना गाठलं.

“मॅडम, हॉलमध्ये बोलायला सोपं असतं.”

“असतं,” बाई बिस्कीट बुडवत म्हणाल्या.

“माझी पोरगी दोनदा उभी राहिली. तीन वर्षं मी तिच्या मागं आहे. दिवाळीसुद्धा सोडली नाही. मी हात झटकले म्हणता?”

“मी तुम्हाला ओळखतही नाही, सर.”

“मग या. उद्या सकाळी साडेपाचला. गंगापूर कालव्याचा पहिला पूल.”

“येते.”

मोतीरामला हे अपेक्षित नव्हतं. एकोणीस वर्षांत एकही वक्ता मैदान बघायला आला नव्हता. वक्ते गेस्टहाउस बघतात आणि निघतात.

बाई पाच पंचविसालाच आल्या. सत्कारातली शाल कानांवरून गुंडाळलेली. “पहिल्यांदा उपयोगी पडली,” म्हणाल्या. नोव्हेंबरची थंडी, पाण्यावर वाफ, पलीकडं फ्लॉवरच्या शेतात बायका आधीच वाकलेल्या. राखी उड्या मारत अंग गरम करत होती. बाईंना बघून तिनं नमस्कार केला आणि सरांच्या आड सरकली.

मोतीरामची पद्धत अख्ख्या कॉलेजला ठाऊक होती. वडिलांच्या वेळची एम-एटी, सायलेन्सर फुटका, आवाज गिरणीसारखा. राखी कडेनं पळायची, हा तिच्या उजव्या खांद्याशी गाडी ठेवायचा. “माझा काटा ताशी सोळावर असतो,” तो सगळ्यांना सांगायचा. “काट्याबरोबर पळा, जग तुमच्या मागं.” रस्त्यावरच्या छोट्या शर्यतींतही सगळ्यांचेच सर गाड्या काढून बाजूनं जायचे, नियमात बसत नाही, पण रस्ता कुणाच्या बापाचा नाही.

बाई मागं बसल्या. पाच किलोमीटर जायचे, पाच यायचे. सगळ्या वाटेत त्या एक शब्द बोलल्या नाहीत. मोतीरामला वाटलं, गारठल्या असतील.

परतल्यावर राखी पुलाच्या कठड्याला टेकली. घड्याळात सदतीस मिनिटं एकतीस सेकंद.

“राखी, पळताना काय ऐकू येतं?” बाईंनी विचारलं.

राखीनं सरांकडं बघितलं. “गाडी.”

“आणखी?”

“गाडीच. गाडी कानाशी हाय म्हंजे मी बरोबर हाय. सरांचा काटा सोळावर असतो ना.”

“आणि शर्यतीत गाडी नसते तेव्हा?”

राखी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायला लागली. “मंग समजत नाय, मॅडम. जोरात चालली का हळू चालली. जोरात गेली तर पुढं संपून जाईन, हळू गेली तर मागं राहीन. तेच डोक्यात चालू होतं. मंग पाय थांबतात. मी नाय थांबवत.”

“पोटात दुखतं म्हणालीस ना मला?” मोतीराम म्हणाला.

“तुम्ही मनाचं विचारलंच नाय, सर. मन घट्ट कर म्हणले फक्त.”

गेल्या दोन्ही शर्यती त्याच्या डोळ्यांसमोर आल्या. पहिलीत मार्ग द्राक्षबागांत वळला आणि पंचांनी गाड्या अडवल्या. दुसरी तर स्टेडियमच्या ट्रॅकवर. तीन वर्षं तो ज्या गाडीला आपले कष्ट समजत होता, तिनंच पोरीचे पाय बांधले होते. आणि हे शोधायला बाईंना पाऊण तास लागला होता. त्यातही बोलल्या पाचच मिनिटं.

राखी कपडे बदलायला गेली. बाईंनी शाल सैल केली.

“गांगुर्डे सर, तुमच्या गाडीचा काटा शून्यावर होता. जाताना आणि येतानाही.”

मोतीराम म्हणाला, “केबल तुटलीय.”

“कधी?”

“चार वर्षं झाली.”

“राखीला येऊन तीन. मग वेग कसा धरता?”

हे त्याला कुणी कधी विचारलं नव्हतं. त्यानं कालव्याकडं बघत सांगितलं, “पावलांवर. गाडीच्या एवढ्या आवाजातही मला ती ऐकू येतात. तिची पावलं जड पडायला लागली की मी थोडं सोडतो. मोकळी पडली की देतो. मग ती…”

तो थांबला. बाई मध्ये बोलल्या नाहीत. एवढी हुशारी फार थोड्या बोलणाऱ्यांकडं असते. आपण काय बोललो ते माणसाला स्वतःला ऐकू येईपर्यंत त्या थांबल्या.

“म्हणजे वेग तिचाच होता,” मोतीराम म्हणाला. “मी तिच्या मागं चालत होतो.”

“तीन वर्षं. नुसतं पाऊल ऐकून, अर्ध्या मिनिटाचा फरक पडू न देता. असा प्रशिक्षक मी बघितला नाही, सर. खरंच नाही. पण तिला हे माहीत नाही.”

“तुम्ही सांगा ना तिला. तुमच्याकडं शब्द आहेत.”

“मी सांगितलं तर तिला वाटेल बाईनं समजूत घातली. तुम्ही सांगितलंत तर तो पुरावा. फक्त तुमची थोडी जाईल.”

“काय जाईल?”

“ते तुम्हाला माहीत आहे.”

त्याला माहीत होतं. कॉलेजात त्याच्याकडं केबिन नव्हती, कायमची ऑर्डर उशिरा आली, प्राचार्य त्याला नुसतं ‘गांगुर्डे’ म्हणायचे. पण पोरींमध्ये त्याचा काटा होता. सरांचा काटा चुकत नाही. एकोणीस वर्षांत कमावलेलं ते एकच होतं, आणि ते खोटं निघणार होतं. बुधवारचा अख्खा दिवस त्यानं याच विचारात घालवला. बाई सांगून गेल्या होत्या, “रविवारच्या आत. रविवारी सकाळी नको.”

गुरुवारी पहाटे त्यानं राखीला म्हटलं, “आज पळू नको. बस मागं.”

ती बसली. त्यानं गाडी काढली, पुलापासून फर्लांगभर नेली, वेग वाढवला.

“काटा बघ.”

राखी त्याच्या खांद्यावरून वाकली. “सर, हा पडलाय.”

“चार वर्षं झाली.”

गाडी थांबली. राखी उतरली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते दुःख नव्हतं, सरळ राग होता. “मंग सोळा कोण सांगत होतं?”

“मी. खोटं सांगत होतो.”

“तीन वर्षं?”

“तीन वर्षं. तू जेवढं पळायचीस तेवढी गाडी हाकायचो. सदतीस मिनिटं घड्याळाची आहेत, ती खरी आहेत. ती तुझी आहेत. त्यात माझ्या गाडीचं काही नाही.”

 राखीनं केस बांधले आणि पळत सुटली. मोतीरामचा हात किल्लीकडं गेला. त्यानं तो खिशात कोंबला. दहा किलोमीटर करून ती आली तेव्हा पाऊण मिनिट जास्त लागलं होतं. शुक्रवारी ती सुरुवातीलाच सुसाट गेली आणि शेवटी पाय ओढत आली. तिनं दोन्ही दिवस सरांकडं बघितलं नाही. मोतीरामनं घाबरून बाईंना फोन लावला.

“उत्तम,” बाई म्हणाल्या. “आता ती स्वतःची स्वतः चुकतेय. शनिवारी विश्रांती द्या. आणि रविवारी गाडी घरी ठेवा. नुसती बंद नको, घरी.”

रविवारी मोतीराम सिटी बसनं मखमलाबादच्या पुढं उतरला आणि मैदानापर्यंत चालत गेला. बाईंचा निरोप आला होता : ‘आज घोटीला शिबिर आहे. शर्यत पूर्ण झाली का एवढं कळवा. क्रमांक महत्त्वाचा नाही.’ चौऱ्यांशी मुली सुटल्या. पहिले सहा किलोमीटर रस्त्यानं, मग मळ्यांतून. सातवा किलोमीटर कुठूनच दिसत नव्हता. तो शेवटच्या दोरीपाशी जाऊन उभा राहिला. शेजारी दुसऱ्या कॉलेजचे सर विचारत होते, “आज गाडी नाही आणली, गांगुर्डे? काटा कुठंय?”

“पळतोय,” मोतीराम म्हणाला.

पहिली आली. दुसरी, तिसरी लागोपाठ. चौथी. मग बराच वेळ कुणी नाही. वळणावर नुसती धूळ. पाचवी आली, मनमाडची, उंच. मोतीरामनं दोरी घट्ट धरली. त्याच्या ओठांवर ‘मन घट्ट’ आलं होतं, ते त्यानं गिळलं.

वळणावर दोघी एकदम दिसल्या. एक हात फेकत, मान वाकडी करत, जीव तोडून येत होती. दुसरी राखी. तिची मान सरळ होती. तिनं वेग वाढवला नाही, कमीही केला नाही. एवढ्या गलक्यातून मोतीरामला तिची पावलं ऐकू आली. जड नव्हती. पन्नास मीटरवर शेजारची ढिली पडली. राखी सहावी आली.

पाणी पिऊन ती त्याच्याजवळ आली. गुरुवारनंतर पहिल्यांदा बोलली.

“तिकडं लय शांत होतं, सर. कोणीच नाय. द्राक्षाच्या ओळी आन् मी.”

“मग?”

“मंग काय. माझेच बूट वाजत होते. तेच ऐकत आली.” तिनं इकडंतिकडं बघितलं. “गाडी खरंच घरी ठेवली?”

“हो.”

“केबल टाकून घ्या तिला. पुढच्या पोरींना खोटं नका सांगू.”

“टाकतो,” मोतीराम म्हणाला.

त्यानं फोन काढला आणि जाड बोटांनी टाइप केलं, ‘पूर्ण झाली.’ मिनिटाच्या आत घोटीहून उत्तर आलं.

‘कितवी?’