हाताला लागलेला कोंबडा

मेट्रनबाईंच्या परसात आठ कोंबडे झाले, यात मेट्रनबाईंचा काही दोष नव्हता. खुडूक बसलेल्या कोंबडीखाली त्यांच्या धाकट्या मुलाने बारा अंडी ठेवली, अकरा फुटली आणि त्या अकरांतून सात नर निघाले. आता याला कोण काय करणार? पिल्लं होती तोवर सगळी सारखीच गोड. पाचव्या महिन्यात तुरे लाल झाले आणि सातही जणांना कंठ फुटला. कंठ कसला, गंजलेली बिजागरी. एकाने सुरू केलं की दुसरा त्याला उत्तर देणार, तिसरा दुसऱ्याला, आणि हे दिवस मावळेपर्यंत. कुंपणापलीकडे शिकवणी घेणाऱ्या बाई दोनदा येऊन गेल्या. पहिल्यांदा त्या भांडल्या. दुसऱ्यांदा नुसत्या रडकुंडीला आल्या, आणि ते जास्त वाईट होतं.

आवाज एक वेळ सोसला असता. पण कोंबड्या होत्या तेरा आणि नर आठ. एक नर दहाजणींना पुरतो. इथे एकेकीमागे झुंड. कोंबड्यांच्या पाठीवरची पिसं उपटून निघाली होती, आतली गुलाबी कातडी दिसत होती. सगळ्यांत लहान पांढरी तर दिवसभर अंडी घालायच्या खोक्यात तोंड खुपसून बसायची. या धुमाकुळात जी काही शिस्त होती ती आठव्यामुळे. हा आठवा म्हणजे त्या सातांचा बाप, तीन वर्षांचा तांबडा कोंबडा. धाकट्याने त्याचं नाव भाऊसाहेब ठेवलं होतं. दोन पोरं जुंपली की भाऊसाहेब सावकाश चालत जाऊन मध्ये उभा राहायचा. बस्स, मिटलं भांडण. दाणे टाकले की आधी कोंबड्यांना बोलवायचा, त्यांचं झालं की मग स्वतः चोच लावायचा. लहानपणी त्याला धाकट्याने शर्टाच्या खिशात ठेवून वाढवलेलं, त्यामुळे माणूस दिसलं की पायाशी येऊन उभा राहणार, हे ठरलेलं.

धाकट्याचा बेत साधा होता. शेडच्या मागे जुन्या दारांचा वेगळा कप्पा करायचा आणि सातही नर तिकडे न्यायचे. समोर कोंबड्या नसल्या की नर गुण्यागोविंदाने राहतात, हे त्याने कुठून कुठून विचारून घेतलं होतं. दोन बाजू उभ्या झाल्या होत्या, जाळी तेवढी राहिली होती. रविवारपर्यंत थांब, असं तो आईला म्हणाला होता. आणि हलवायचे तेही दिवेलागणीला, कोंबडे दांडीवर बसले की. अंधारून आलं की त्यांना दिसत नाही. कुठलाही उचलून घ्यावा, हूं की चूं करत नाही. दिवसा त्यांच्यामागे धावणं म्हणजे शुद्ध वेडेपणा.

मेट्रनबाईंनी हे सगळं ऐकलं होतं. पण थांबणं हा त्यांचा पिंड नव्हता. तेहतीस वर्षं त्यांनी हॉस्पिटलचा वॉर्ड चालवला होता. महिन्याच्या ड्युट्यांचा तक्ता त्या चहा गार व्हायच्या आत लावून मोकळ्या व्हायच्या. त्यांची एक युक्ती होती, आणि नव्या मेट्रनला त्यांनी ती मोठ्या कौतुकाने शिकवली होती. ज्या नर्सा कुरकुर करतात त्यांच्याशी हुज्जत घालायची नाही, ज्या मुकाट्याने ऐकतात त्यांना रविवारची ड्युटी लावायची. तक्ता पूर्ण, डोक्याला ताप नाही.

घरातही त्यांनी हेच केलं. नवऱ्याला अर्धांगवायू झाला तेव्हा दोन मुलांपैकी एकाने घरी राहणं भाग होतं. थोरल्याने आदळआपट केली, दोन दिवस जेवला नाही. धाकट्याला त्याच आठवड्यात जहाजांच्या इंजिनांचं शिक्षण घ्यायला प्रवेश मिळाल्याचं पत्र आलं होतं. मेट्रनबाईंनी त्याला सांगितलं, बाबांजवळ तू थांब, वर्षभराचा तर प्रश्न आहे. त्याने पत्राची घडी घातली आणि कपाटात ठेवून दिली. वडील अकरा वर्षं अंथरुणाला खिळून होते. थोरला दूरदेशी गेला तो तिकडचाच झाला. धाकटा आता बेचाळीस वर्षांचा, गल्लीच्या तोंडाशी पंख्यांच्या आणि पंपांच्या मोटारी दुरुस्त करतो. लग्न राहूनच गेलं. त्याने कधी चकार शब्द काढला नाही, आणि त्याची काही तक्रारच नाही असं मेट्रनबाई धरून चालल्या.

गुरुवारी सकाळी धाकटा दुकानात गेला आणि कारखान्याच्या कँटीनचा आचारी स्कूटरला टोपली बांधून दारात हजर झाला. मेट्रनबाईंनीच त्याला किराणा दुकानात सांगून ठेवलं होतं, तीन नर घेऊन जा म्हणून. धाकट्याला सांगायचं राहून गेलं होतं. खरं तर राहून गेलं नव्हतं. त्यांनी सांगितलं नव्हतं.

मग सत्तरीच्या बाई आणि पोट सुटलेला आचारी असे दोघे परसभर धावले. कोंबडे शेडच्या पत्र्यावर, पेरूच्या झाडावर, शिकवणीच्या बाईंच्या कुंपणावर. शिकवणीतल्या मुलांनी खिडकीत गर्दी केली. अर्ध्या तासात एकच हाती आला, तोही पाण्याच्या टाकीमागे अडकला म्हणून. आचारी घड्याळ बघायला लागला. दुपारचं जेवण व्हायचं होतं, त्याला थांबून चालणार नव्हतं. आणि या पळापळीत भाऊसाहेब मेट्रनबाईंच्या पायाशी येऊन उभा होता.

त्यांनी खाली बघितलं. हा नाही, हे त्यांना कळत होतं. पण माणूस खोळंबलाय, रिकाम्या हाताने कसा पाठवायचा, आणि शेवटी एक नर कमी झाला म्हणजे झालं, असं काहीबाही मनाशी म्हणत त्यांनी वाकून त्याला उचललं. तो त्यांच्या हातात निवांत बसला. टोपलीचं झाकण लागेपर्यंत त्याने पंखसुद्धा हलवला नाही.

धाकटा एक वाजता जेवायला आला आणि सवयीने आधी मागच्या दारी गेला. सहा नरांनी परस डोक्यावर घेतलं होतं. पांढरीच्या मानेतून रक्त येत होतं. त्याने दोनदा मोजलं.

"भाऊसाहेब कुठंय?"

मेट्रनबाईंनी सांगितलं. बाकीचे हाताला लागेनात, तो माणूस घाईत होता, वगैरे.

"तो आपणहून आला असेल ना जवळ?"

"हो."

"तो येतोच," धाकटा म्हणाला, आणि जाळीची गुंडाळी घेऊन शेडमागे गेला. ताट तसंच झाकलेलं राहिलं.

तो ओरडला असता तर मेट्रनबाईंना बरं वाटलं असतं. ओरडणाऱ्या माणसाचं काय करायचं हे त्यांना येत होतं. त्यांनी चपला घातल्या, रिक्षा केली आणि कँटीन गाठलं. आचारी मोठी पातेली घासत होता. अकरालाच उरकलं, तो म्हणाला. वर कौतुकाने सांगितलं, "तो तांबडा फार गरीब होता हो बाई. फडफडलासुद्धा नाही."

परतीच्या रिक्षात मेट्रनबाईंना खूप वर्षांनी रडू आलं. चालकाने आरशातून बघितलं तरी त्यांनी डोळे पुसले नाहीत. आपण कोंबड्यासाठी रडतोय असं त्यांना आधी वाटत होतं.

घरी आल्या तेव्हा धाकट्याची जाळी लावून होत आली होती. दुकान त्याने उघडलंच नव्हतं. त्यांनी पांढरीला मांडीवर घेतलं, जखम धुतली, औषध लावलं. हात अजून सराईत होते, पण त्यांना त्याचं काही वाटलं नाही. दिवस कलला. कोंबडे एकेक करून दांडीवर चढले. अंधारून आल्यावर धाकटा आत गेला आणि दोन्ही हातांनी एकेकाला अलगद उचलून नव्या कप्प्यात नेऊन ठेवू लागला. सकाळी ज्यांनी दोन माणसांना दमवलं होतं ते सहाही जण निमूट गेले. सगळं मिळून दहा मिनिटंही लागली नाहीत. मेट्रनबाई दार धरून उभ्या होत्या.

शेवटची कडी लावून तो वळला तेव्हा त्या म्हणाल्या, "तुला एक विचारायचंय. तेव्हाच विचारायला हवं होतं. ते पत्र आलं तेव्हा तुला जायचं होतं का रे?"

धाकटा हातांना चिकटलेली पिसं झटकत राहिला. आता तो काय म्हणणार ते त्यांना माहीत होतं. जाऊ दे गं आई, म्हणेल. तेवीस वर्षं प्रत्येक गोष्टीला तो हेच म्हणत आला होता, आणि त्या ऐकून मोकळ्या होत आल्या होत्या.

"हो," तो म्हणाला. "खूप जायचं होतं."

पुढे तो काहीतरी बोलेल म्हणून त्या थांबल्या. तो हात धुवायला नळाकडे गेला.